डावं चाक शून्य म्हणतंय

रोबोटिक्स क्लबची खोली कुठे आहे, हे कुठल्याही अभियांत्रिकी कॉलेजात विचारावं लागत नाही. रात्री साडेअकराला ज्या एकाच खिडकीत दिवा दिसतो आणि आतून ड्रिलचा आवाज येतो, ती. दारावर ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी असते आणि आत सगळे बूट घालून असतात, कारण जमिनीवर ॲल्युमिनियमचा कीस पसरलेला असतो. टेबलावर हवी ती ॲलन की सोडून बाकी सगळं सापडतं. मधोमध रोबोट उताणा पडलेला, चारी चाकं छताकडे, आणि शेजारी एका लॅपटॉपवर वाकलेली तीन-चार डोकी. त्यातलं एक डोकं वर न बघता म्हणतं, “डावं चाक शून्य म्हणतंय.”

हे वाक्य कानावर आलं की समजावं, घरी फोन करून ‘जेवून घ्या, वाट बघू नका’ असं सांगायची वेळ झाली.

चाक अर्थातच काही म्हणत नसतं. म्हणतो तो एन्कोडर. मोटरच्या पाठीमागे शाफ्टचं जे टोक बाहेर आलेलं असतं, त्यावर चुंबकाची एक चिमुकली चकती बसवलेली असते आणि तिच्या कडेला दोन हॉल सेन्सर. (हे सेन्सर ज्या परिणामावर चालतात, तो एडविन हॉलनं १८७९ साली शोधला. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ साली. म्हणजे विजेत नेमकं काय सरकतंय हे माहीत नसताना ते बाजूला सरकतंय एवढं त्यानं मोजून दाखवलं. आमच्या मुलांना याचं काही वाटत नाही. त्यांची सगळी कामं अशीच चालतात.) या दोन सेन्सरांची नावं ए आणि बी. चकती फिरली की दोघे हो-नाही, हो-नाही करत राहतात, पण एकदम नाही. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या पाव आवर्तन मागून येतं. ए आधी बोलला तर मोटर पुढे, बी आधी बोलला तर मागे. एवढ्या भांडवलावर रोबोट ‘मी अमुक इतका पुढे गेलो’ असं छातीठोकपणे सांगतो. त्याला दुसरं काही दिसत नाही. खटल्यात एकच साक्षीदार, तोही मोटरच्या पाठीला चिकटलेला.

हिशोब साधा आहे. मोटरच्या एका फेऱ्याला ६४ मोजण्या. पुढे गिअरबॉक्स १:३०. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला १९२०. चाकाचा व्यास दहा सेंटिमीटर धरला तर परीघ साधारण ३१.४, म्हणजे एका सेंटिमीटरला साठ-एकसष्ट मोजण्या. इतक्या बारकाईनं तर आपण जमिनीची मोजणीही करून घेत नाही. पण हे ‘६४’ म्हणजे नक्की कशाचे ६४, यावर पहिली रात्र जाते. एका सेन्सरच्या फक्त चढत्या कडा मोजल्या तर निघतात १६. दोघांच्याही चढत्या-उतरत्या सगळ्या कडा मोजल्या तर ६४. कोड लिहिणारीनं १६ मोजले आणि सूत्रात कुणीतरी ६४ घातले, की एक मीटर जायला सांगितलेला रोबोट निमूटपणे चार मीटर जातो. आणि खोलीत बऱ्याचदा तीनच मीटर जागा असते.

भोसरीतल्या कारखान्यांत मी बरीच वर्षं मोटरींशी भांडण्यात घालवली आहेत, म्हणून ही मुलं मला अधूनमधून बोलावतात. “सर, फक्त पाच मिनिटं या,” असं म्हणतात. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे: पूर्ण मेलेला एन्कोडर हा सज्जन असतो. तो शून्य म्हणतो, शून्यच म्हणत राहतो, आणि तुम्ही त्याला बदलता. घात करतो तो अर्धा जिवंत असलेला.

सज्जनाचा त्रास एवढाच, की त्याच्या शून्यावर पीआयडीचा पूर्ण विश्वास असतो. पीआयडी म्हणजे रोबोटचा मुकादम. कुठे जायचंय आणि कुठे पोचलो यातला फरक बघायचा, आणि त्या मानानं मोटरला दामटायचं. एन्कोडर शून्य म्हणाला, की मुकादमाला वाटतं, हा जागचा हललेलाच नाही. तो जोर वाढवतो. पुन्हा शून्य. मग यातला ‘आय’ जागा होतो. मागच्या सगळ्या थकबाकीची बेरीज ठेवणं हेच त्याचं काम. रोबोट सुसाट भिंतीकडे निघालेला असतो आणि आतमध्ये मुकादम ‘अजून सुरुवातच नाही’ अशी नोंद करत असतो. अशी माणसं तुमच्या-माझ्या कचेरीतही आहेत, पण ती निदान पंचवीस किलो वजनाची आणि चार चाकांची नसतात.

त्याहून मजेशीर प्रकार म्हणजे ए आणि बीच्या वायरींची अदलाबदल. एन्कोडर ठणठणीत, मोटर ठणठणीत, पण पुढे गेलं की आकडा उणे होतो. मुकादम म्हणतो, अरे, हा तर मागे चाललाय! पुढे रेटा! जितका पुढे रेटावा तितका आकडा मागे पडतो, आणि जितका आकडा मागे पडतो तितका रेटा वाढतो. याला पुस्तकात धन प्रतिपोषण म्हणतात, क्लबात ‘पळाला, पळाला’ म्हणतात. अशा वेळेसाठी स्पर्धेतल्या रोबोटवर लाल रंगाचं इमर्जन्सी बटण लावणं बंधनकारक असतं. नियम करणाऱ्यांची तळमळ मला मान्य आहे. फक्त बटण रोबोटवरच असल्यामुळे आधी त्याला गाठावं लागतं. चांगला संघ ओळखायचा तर त्यांचं सोल्डरिंग बघू नये, पहिल्या वर्षाची पोरं किती वेगानं पळतात ते बघावं.

आता अर्धा जिवंत. समजा, बीची वायर आतल्या आत तुटली. बाहेरून प्लास्टिक शाबूत, आत तांबं गेलेलं. मुलांचा नेहमीचा कोड असा असतो: ए वर चढला की बीकडे बघायचं; बी वर असेल तर एक वजा, खाली असेल तर एक अधिक. बी कायमचा खाली बसून राहिला, तर रोबोट पुढे गेला तरी अधिक, मागे आला तरी अधिक. सगळ्या हालचालींची नोंद प्रगती अशीच. वार्षिक अहवाल लिहायला असा एन्कोडर उत्तम, रोबोट चालवायला नाही. आणि याच जागी दोन्ही सेन्सरांच्या सगळ्या कडा मोजणारा कोड असेल, तर तोच तुटका बी वेगळंच नाटक करतो: शून्य, एक, शून्य, एक, शून्य. चाक गरगर फिरतंय आणि आकडा दारातच घुटमळतोय.

वायर जर नुसतीच तरंगत राहिली तर आणखी गंमत. अनेक एन्कोडरांच्या बाहेर येणाऱ्या तारेला वर खेचून धरणारा एक रेझिस्टर लागतो. तो लावायचा राहिला की ती तार कुणाच्याही कह्यात जाते. हात जवळ नेला तरी आकडे बदलतात. एका संघाचा रोबोट असा होता, की एक ज्युनिअर ती वायर चिमटीत धरून उभा राहिला तर चालायचा. सोडली की वेडावाकडा. तीन सीनिअर गंभीरपणे चर्चा करत होते, की याला स्पर्धेत रोबोटबरोबर आत सोडतील का.

बिघाड शोधायला बसलं की खोलीची तीन राज्यांत फाळणी होते. मेकॅनिकलवाला हात बांधून उभा राहतो. “गिअरबॉक्स मी स्वतः उघडून ग्रीस लावलंय. मेकॅनिकली काही प्रॉब्लेम नाही.” इलेक्ट्रॉनिक्सवाला मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून ‘टीं’ वाजवतो, त्यानं काही सिद्ध होत नाही पण मन शांत होतं. “सप्लाय बरोबर पाच व्होल्ट येतोय. कोड बघा.” कोड लिहिणारी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणते, “काल रात्री हाच कोड चालत होता. मी एक अक्षरही बदललेलं नाही.” हे तिघंही खरं बोलत असतात, हे या शास्त्रातलं सगळ्यात मोठं संकट आहे.

चौथे असतात वर्कशॉपचे काका. लेथवर आयुष्य काढलेले. ते दारातून एकदा डोकावतात आणि म्हणतात, “काहीतरी ढिलं असेल. घट्ट करा.” एन्कोडर म्हणजे काय हे त्यांनी कधी विचारलेलं नाही. त्यांचं निदान बऱ्याचदा बरोबर निघतं, कारण चुंबकाची चकती किंवा चाकाचा हब शाफ्टवर धरून ठेवणारा तो एवढासा ग्रब स्क्रू खरंच ढिला झालेला असतो. मग चकती जागच्या जागी घसरते. हळू चालवलं तर हिशोब बरोबर, झटका दिला की दहा-वीस मोजण्या गायब. हबचा स्क्रू ढिला असेल तर उलट: एन्कोडर शपथेवर खरं सांगतो की शाफ्ट फिरला, आणि शाफ्ट फिरलेलाही असतो, फक्त चाकाला ते कळवलेलं नसतं. यावर पांढऱ्या मार्करनं शाफ्ट आणि हब यांच्यावरून एक सरळ रेघ मारून ठेवावी. रेघ मोडली की चोर सापडला. पण काकांचं निदान चुकलं असं मात्र कधीच होत नाही, स्क्रू घट्ट निघाला तर ते म्हणतात, “मग ठीक आहे. घट्टच पाहिजे.”

शोध घेण्याची जी खरी पद्धत आहे ती दोन वाक्यांत संपते. डावी मोटर उजव्या वायरला लावा, उजवी डाव्या वायरला. बिघाड मोटरबरोबर गेला तर मोटर दोषी, जागीच राहिला तर वायर किंवा बोर्ड. पण मुलं घाईत मोटर, वायर आणि बोर्डवरची पिन अशी तिन्ही एकदमच बदलतात, वर नवा कोडही चढवतात. आणि रोबोट चालायला लागतो! टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी चहा सांगायला धावतो. मला अशा वेळी घाम फुटतो. बिघाड दिसत होता तोवर तो निदान पत्ता ठेवून राहत होता. आता तो घरातच आहे, फक्त कुठल्या खोलीत ते माहीत नाही. बहुतेकदा कनेक्टर काढून पुन्हा खोचला एवढ्यानंच ते ‘दुरुस्त’ झालेलं असतं. पिन जराशी वाकलेली, क्रिम्प अर्धवट बसलेला, आणि त्यावर प्रेमानं ओतलेला हॉट ग्लू. हॉट ग्लूनं बिघाड जात नाही, तो जतन होतो.

दुसरी परीक्षा म्हणजे हातानं चाक फिरवून बघणे. चाकावर खूण करायची, बरोबर दहा फेरे द्यायचे, आणि आकडा १९,२०० च्या जवळपास येतो का बघायचं. हातानं नेहमी बरोबर येतो. मोटरला करंट दिला की बिघडतो. म्हणजे कुणाला वाटेल चाकाला मोटरचीच भीती वाटते. खरं कारण असं, की मोटरच्या जाड वायरी आणि एन्कोडरच्या बारीक वायरी एकाच केबल टायमध्ये आवळलेल्या असतात, दिसायला छान दिसावं म्हणून. मोटरच्या वायरीतून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारा करंट जातो, ब्रशांच्या ठिणग्या त्यात भर घालतात, आणि शेजारची बारीक वायर ती सगळी भांडणं ऐकून आकडे मोजते. उपाय ठाऊकच आहेत: वायरी वेगळ्या न्या, पीळ घाला, शील्ड असेल तर ती ग्राउंडला जोडा, मोटरच्या टर्मिनलवर ‘१०४’ लिहिलेला पिवळा-तपकिरी कपॅसिटर सोल्डर करा. हे सगळं सांगितलं की इलेक्ट्रॉनिक्सवाला दुखावल्या चेहऱ्यानं विचारतो, “सर, पण मग वायरिंग नीट कसं दिसेल?”

वायरींच्या रंगांबद्दल मात्र मी मुलांच्या बाजूनं आहे. लाल म्हणजे अधिक, काळा म्हणजे उणे, हे आपण शाळेतल्या टॉर्चपासून शिकलो. एन्कोडर असलेल्या गिअर मोटरीतून मात्र सहा वायरी बाहेर येतात आणि अनेक मोटरींत लाल-काळी जाते थेट मोटरला, एन्कोडरचा अधिक असतो निळा आणि ग्राउंड हिरवा, वर ए पिवळा आणि बी पांढरा. सगळेच असं करत नाहीत, म्हणून एका मोटरचं ज्ञान दुसरीला लागू करता येत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलानं प्रामाणिकपणे लाल-काळ्याला पाच व्होल्ट दिले की एन्कोडर गप्प राहतो आणि गिअरबॉक्स टेबलावरून चालू लागतो.

काही बिघाड एन्कोडरचे नसतातच, पण आळ त्याच्यावर येतो. त्यातला माझा सगळ्यात आवडता म्हणजे ३२७६७. छोट्या आर्डुइनो बोर्डवर ‘इंट’ नावाच्या डब्यात मावणारा हा सगळ्यात मोठा आकडा. त्यात एक मिळवला की तो एकदम उणे ३२७६८ होतो. आपल्या १९२० च्या हिशोबानं हा प्रसंग चाकाच्या सतराव्या फेऱ्यानंतर लगेच, म्हणजे साधारण ५.३६ मीटरवर येतो. आणि सरावाची मोकळी जागा, टेबलं सरकवली तरी, जेमतेम चार मीटर. त्यामुळे क्लबात रोबोट शहाण्यासारखा वागतो, कितीही वेळा चालवा. स्पर्धेच्या मैदानावर सव्वापाच मीटर ओलांडले, की त्याला साक्षात्कार होतो, आपण तर सुरुवातीच्याही सव्वापाच मीटर मागे आहोत! सहा मीटरवर थांबायचं असलेला तो अजून अकरा मीटर बाकी आहेत असं समजून निघतो. संघ एकमुखानं सांगतो, एन्कोडर फालतू होता. बिचाऱ्यानं शेवटची मोजणीसुद्धा बरोबर दिलेली असते.

पुण्याला या सगळ्याचं जुनं वेड आहे. आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेनं २००२ साली टोकियोत एबीयू रोबोकॉन सुरू केली, आणि दूरदर्शनच्या पुढाकारानं भारतातली फेरी वर्षानुवर्षं पुण्यात भरत असे. आंतरराष्ट्रीय स्पर्धाही इथे दोनदा झाली. २००८ ला विषय होता चक्क गोविंदा, म्हणजे दहीहंडी: यंत्रांनी वर टांगलेल्या हंड्यांतून लोणी काढायचं. २०१४ ला पालकत्वाला सलाम: मोठ्या रोबोटनं बाळ रोबोटला सीसॉ, झोपाळा, जंगल जिम अशा खेळांपर्यंत न्यायचं. मला या दुसऱ्या विषयाचं विशेष कौतुक वाटतं. एन्कोडर घसरलेला पालक रोबोट बाळाला झोपाळ्यापासून वीतभर अलीकडे, हवेत, अत्यंत आत्मविश्वासानं बसवतो.

सामना तीन मिनिटांचा. त्याआधी रोबोट मांडायला एक मिनिट. या एका मिनिटात जे घडतं त्यासाठी स्वतंत्र लेख लागेल. वर्षभर मेकॅनिकलवाला आणि कोडवाली एकमेकांचं ऐकून घेत नाहीत, त्या मिनिटात मात्र दोघं शब्दही न बोलता एकाच कनेक्टरवर अंगठा दाबतात. मैदानाला लाल आणि निळी अशा दोन बाजू असतात, आरशातल्यासारख्या. काल निळ्या बाजूनं सराव केला, आज लाल मिळाली. डावीकडे वळायचं तिथे उजवीकडे. कोडमधलं एक अधिक चिन्ह उणे करायचं. कुणीतरी घाईत दोन उणे करतं. पुढचं सांगायला नको.

सामन्याच्या आदल्या दिवशीची तपकीर गल्ली ज्यानं पाहिली नाही त्यानं पुण्यातलं इलेक्ट्रॉनिक्स पाहिलंच नाही. बुधवार पेठेतल्या त्या गर्दीत टी-शर्टवर कॉलेजचं नाव छापलेली चार मुलं एक मोटर हातात धरून दुकानादुकानातून हिंडत असतात. “काका, हीच पाहिजे. हाच रेशो, एन्कोडरसकट.” दुकानदार चष्मा वर करून मोटरकडे बघतो, मग मुलांकडे. “ही संपली. हिच्यापेक्षा जरा हळू चालणारी आहे, देऊ का?” मुलं एकमेकांकडे बघतात. तीन चाकं १:३० ची आणि चौथं १:५० चं, असा रोबोट कोडमध्ये सांभाळून घेता येईल का, यावर तिथेच, दुचाकींच्या हॉर्नमध्ये, गंभीर चर्चा होते. कोडवालीला फोन लागतो. पलीकडून जे ऐकू येतं ते दुकानदारालाही ऐकू जातं. तो मोटर परत कपाटात ठेवतो आणि म्हणतो, “नसेल जमत तर जुनीच नीट उघडून बघा. नव्वद टक्के वायरच तुटलेली असते.”

आणि तसंच निघतं. परत येऊन मागचं काळं झाकण काढतात, तर चिमुकल्या पाटीवर जिथे वायरी सोल्डर केलेल्या असतात तिथे बीची वायर एका केसावर लटकलेली. केबल टाय फार घट्ट आवळल्यामुळे दर वळणाला ती तिथेच वाकत होती. नवा तुकडा जोडला, श्रिंक ट्यूब चढवली, चाक फिरवलं, आकडे धो-धो. मेकॅनिकलवाला म्हणाला, “बघ, गिअरबॉक्स ठीक होता.” कोडवाली म्हणाली, “मी कधीची सांगत होते.” इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानं नुसती सोल्डरिंग गन खाली ठेवली आणि तो वडापाव आणायला गेला.

क्लबात बिघडलेली मोटर फेकून द्यायची पद्धत नाही. ती चालणाऱ्या मोटरींच्याच खोक्यात जाते. जबाबदार मुलं तिच्यावर मार्करनं खूण करतात. आमच्याकडच्या एका मोटरवर कुणीतरी मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. वर्षभरात हाताच्या घामानं त्याचा खालचा ठिपका पुसला गेला. नव्या बॅचच्या मुलानं ती उचलली, नीट निरखून पाहिली, आणि दोन नंबरची मोटर म्हणून डाव्या चाकाला बसवली.